बागेची फाईल : वारसा स्थळाच्या प्रस्तावाच्या नोंदी

१२ जून २०२३

आज विभागप्रमुखांनी बोलावून एक कोरी फाईल हातात दिली. वर मार्करने लिहिलेलं, 'वनस्पती उद्यान – जैवविविधता वारसा स्थळ'. आत एकच कागद, कुलगुरू कार्यालयाचं पत्र, शेवटी 'शक्य तितक्या लवकर'. बागेची जबाबदारी माझ्याकडे असल्याने फाईलही माझीच.

ही मान्यता म्हणजे नक्की काय, हे विभागात दोघांनाच नीट ठाऊक होतं, त्यातली मी नव्हते. संध्याकाळी बसून वाचलं. जैविक विविधता कायदा २००२, कलम ३७. राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून जैवविविधतेच्या दृष्टीने महत्त्वाची जागा राजपत्रात 'वारसा स्थळ' म्हणून अधिसूचित करू शकतं. प्रस्ताव जायचा नागपूरला, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे.

विभागात दुपारभर गोंधळ चालला होता तो वेगळाच. एक सर म्हणत होते, "म्हणजे कोल्हापूरसारखं ना?" तसं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं उद्यान 'लीड बोटॅनिकल गार्डन' आहे, ती केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची वनस्पती उद्यानांना साहाय्य देणारी योजना. तिथे मान्यतेबरोबर काम आणि कामाला निधी येतो. कलम ३७ मध्ये निधीची खात्री नाही. मिळतं ते एवढंच की जागेचं नाव राजपत्रात छापलं जातं आणि मग उद्या कोणाला तिथे काही बांधायचं झालं तर आधी त्या पानाला उत्तर द्यावं लागतं.

आम्हाला तेवढंच हवंय. उत्तरेच्या भिंतीलगत वाहनतळाचा आराखडा गेली दोन वर्षं इमारत समितीत फिरतो आहे.

१९ जून

बागेची नोंदवही सापडली. म्हणजे हरवली नव्हती, स्टोअरमध्ये खतांच्या गोण्यांखाली होती. कापडी बांधणी, रकाने हाताने आखलेले : नोंद क्रमांक, नाव, कुठून आणलं, कोणी आणलं, तारीख, कुठे लावलं, शेरा. पहिली नोंद १९६४ ची. अक्षर इतकं देखणं की चार पानं नुसती बघत बसले.

शेवटची नोंद १९९१ ची. त्यानंतर कोरी पानं. बत्तीस वर्षं बागेत झाडं येत राहिली, लागत राहिली, मरत राहिली आणि कोणी एक ओळ लिहिली नाही. यात माझीही नऊ वर्षं आहेत.

वनस्पती उद्यान आणि पार्क यांत फरक काय, हा प्रश्न आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना तोंडी परीक्षेत विचारतो. उत्तर ठरलेलं : उद्यानातल्या जिवंत संग्रहाची नोंद असते. झाड कुठल्या डोंगरावरून आलं, कोणत्या बियांपासून वाढलं, हे सांगता आलं पाहिजे. नाही तर उरते ती नुसती सावली. या हिशेबाने १९९१ पासून आपण पार्क चालवतोय. हे मी विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रस्तावात असं लिहू नका."

२६ जून

काल पाऊस आला एकदाचा. दोन आठवडे सगळे आकाशाकडे बघत होते.

आजपासून झाडांना क्रमांक. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, ठोकून काढलेले आकडे, खिळा न मारता स्प्रिंगच्या तारेने बांधायच्या म्हणजे खोड जाड झालं तरी तार कापत नाही. एम.एस्सी.च्या चार मुली आणि एक मुलगा, जोडीला मामा. मामा म्हणजे आमचे मुख्य माळी. हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव आहे, पण कुलगुरूंपासून कँटीनच्या पोरापर्यंत सगळे मामाच म्हणतात.

पहिल्याच दिवशी फजिती. दरवाजापाशी उंच, सरळसोट, पानं खाली झुकलेली सात झाडं आहेत आणि त्यांतल्या एकावर 'अशोक – साराका असोका' अशी संगमरवरी पाटी. झाड आसुपालव आहे! सीताअशोक पलीकडे विहिरीजवळ, आखूड, पसरट, पाटीशिवाय. ही चूक शहरात प्रत्येक सोसायटीत होते, पण वनस्पतिशास्त्र विभागाच्या दारात संगमरवरावर? पाटी बसवली कोणी विचारलं तर मामा म्हणाले, "उद्घाटन होतं. दारात कायतरी पायजे म्हणले. मी सांगितलं हा अशोक न्हाई. म्हणले, मामा, पाव्हणे याच वाटेनं येणार."

पाटी काढली. भिंतीला टेकवून ठेवली आहे. फेकायला जीव होत नाही.

८ जुलै

एकशे ऐंशी झाडं झाली.

मामांची कालगणना वेगळी आहे. ते सन सांगत नाहीत. "पानशेत फुटलं त्याच्या आधीचं" म्हणजे १९६१ च्या आधीचं. हे त्यांना वडिलांकडून आलेलं, कारण वडीलही याच बागेत माळी होते, बाग विद्यापीठाची व्हायच्या आधीपासून. "दुष्काळात जगवलेलं" म्हणजे १९७२. "बाईंच्या वेळचं" म्हणजे १९८० च्या दशकातल्या एक विभागप्रमुख. पुढे मोबाईल आल्यावरचं सगळं ते "आत्ता" या एकाच शब्दात बसवतात.

एम.एस्सी.च्या मुलींपैकी एकीने वहीत दोन रकाने केलेत, 'मामांनुसार' आणि 'कागदानुसार'. सुरुवातीला मला वाटलं होतं, पहिल्या रकान्यावरून दुसरा भरून काढू आणि मोकळे होऊ. तसं होत नाही. सीताअशोक मामा ठामपणे धाकट्या भावाच्या जन्मसालचा म्हणतात, म्हणजे १९७०. पण आमच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, त्याच झाडाची फुलोऱ्यासकट वाळवलेली फांदी कागदावर चिकटवलेली आहे आणि लेबलवर तारीख मार्च १९६८. फुलावर आलेलं झाड म्हणजे लागण त्याच्याही बरीच आधीची. मामांना शीट दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "मग भाऊ थोरला निघाला म्हणायचा."

उलटही होतं. नोंदवहीत क्र. ८८ 'बिबळा, मृत १९७९'. मामांनी थेट त्या जागी नेलं. मूळ खोड गेलंय, पण बुडख्यातून फुटलेला धुमारा आता दोन्ही हातांच्या कवेत मावत नाही. साल खरवडली तर लाल डिंक. बिबळाच.

२२ जुलै

सगळ्यांना घेऊन गणेशखिंड उद्यानात. आमच्या प्रस्तावाला आधार द्यायचा तर याच बागेचा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ही जागा, विभागीय फळ संशोधन केंद्र, २०२० मध्ये राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली, ३३ हेक्टर. पुण्यातले लोक रोज त्या रस्त्याने कोंडीत अडकतात आणि भिंतीच्या आत काय आहे ते त्यांना माहीत नसतं.

बाग १८७३ ची. मार्शल वुड्रो नावाचा माणूस तिचा अधीक्षक होता, हाच पुढे पश्चिम भारतातल्या वनस्पतींची यादी करणारा आणि आंब्यावर पुस्तक लिहिणारा. त्या काळची जुनी आंब्याची झाडं हा त्या जागेचा मोठा दावा. पुढे इथेच फळशास्त्रज्ञ डॉ. चिमांच्या काळात 'लखनऊ ४९' पेरूची निवड झाली, ज्याला आपण बाजारात सरदार म्हणतो, आणि चिमा साहेबी द्राक्षही इथलंच. माझ्या मुलींना हे ऐकून जास्त आश्चर्य वाटलं. "मॅडम, पेरूमुळे पण वारसा मिळतो?" का नाही? लावलेल्या, निवडलेल्या, कलम करून जपलेल्या जाती हीसुद्धा जैवविविधताच. देशातलं पहिलं वारसा स्थळ कोणतं? कर्नाटकात देवनहळ्ळीजवळचं नल्लूरचं चिंचबन, २००७ साली. विद्यापीठाचंच उदाहरण हवं असेल तर बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचा जीकेव्हीके परिसर, २०१०, तब्बल १६७ हेक्टर. दुसऱ्या टोकाला आपल्या गडचिरोलीतलं आलापल्लीचं जंगल, २०१४ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम सहा हेक्टर. म्हणजे आमची पावणेपाच हेक्टर काही लाजिरवाणी नाहीत.

परतताना दापोडीवरून गाडी मुद्दाम घेतली. बघायला तिथे काही नाही, त्यासाठीच घेतली. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात इथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे ते अलेक्झांडर गिब्सनकडे आलं, जो नंतर मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने बागेतल्या झाडांची चित्रं एका इथल्या चित्रकाराकडून काढून घेतली. चित्रं आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचं नाव मागे राहिलेलं नाही. गव्हर्नरचा बंगला गणेशखिंडीत न्यायचं ठरलं आणि १८६५ मध्ये दापोडीची बाग बंद झाली. सदतीस वर्षांची बाग. मी हे सांगत असताना मागून हॉर्न वाजत होते, थांबायलाही जागा नव्हती.

मामा पुढच्या सीटवर होते. म्हणाले, "झाडांचं काय केलं मग?" मला माहीत नव्हतं.

१७ ऑगस्ट

पाऊस गायब. ऑगस्ट असा कोरडा मी नोकरीत पाहिला नाही. टँकर मागवावा लागला, आणि त्याचं बिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचं यावर तीन फोन.

कंदीलपुष्पांचा वाफा सुकत चाललाय. सेरोपेजिया. खेड्यात हिला खरपुडी, हमण असं म्हणतात आणि कंद कच्चा खातात. सह्याद्रीतल्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. फूल म्हणजे उभी नळी, वर कंदिलासारखा पिंजरा. बारीक माशी वासाने आत घसरते, नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले, त्यामुळे बाहेर येता येत नाही. दिवसभराने केस कोमेजतात, फूल कलतं, आणि परागांचे पुंजके अंगावर चिकटवून माशी सुटते ती दुसऱ्या कंदिलात अडकायला. प्रस्तावात याला एक परिच्छेद दिला होता, विभागप्रमुखांनी तो दोन ओळींवर आणला. बरोबरच आहे त्यांचं, पण मला राग आला.

वेल वाळला तरी कंद जिवंत असतो. तरी मुली रोज कुंड्या उकरून बघतात. त्यांना थांबवलं.

याच कोरड्या महिन्यात शिंदळ माकुडी मात्र मजेत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलला ही १८६० च्या दशकात जुन्नरच्या डोंगरात मिळाली, त्याने गव्हर्नर फ्रियरचं नाव तिला दिलं, फ्रेरिया. आता शास्त्रीय नाव बदललंय आणि आपल्याकडे तिला शिवसुमन म्हणू लागलेत, कारण शिवनेरीवरही ती आहे. कड्यावरच्या कपारीतलं झाड ते. त्याला मारायचा खात्रीचा उपाय म्हणजे रोज पाणी घालणं. आमच्याकडची पाचपैकी तीन अशीच गेली होती, प्रेमाने. उरलेल्या दोनांच्या कांड्या मामांनी विटांच्या चुऱ्यात खोचल्या आणि कुंडीवर खडूने लिहिलं : 'हात लावू नये'. आज अकरा रोपं आहेत. एकावर काळपट तांबडं, पिवळ्या रेघांचं पहिलं फूल.

५ सप्टेंबर

गोरखचिंचेवरून भांडण. फुलं-गुच्छ घेऊन शिक्षक दिन साजरा झाला आणि लगेच बैठकीत भांडण.

मसुदा तपासायला आलेल्या एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं, यादीतली परदेशी झाडं काढून टाका. गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा, उर्वशी ब्रह्मदेशाची. 'जैवविविधता वारसा' म्हणता आणि पाहुण्यांची यादी जोडता? मुद्दा खोटा नाही. आमची जवळपास चाळीस टक्के झाडं बाहेरची आहेत. पण गोरखचिंचेच्या नावात गोरखनाथ आहेत, तिच्या रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या फुलांवर इथलीच वटवाघळं येतात. किती शतकं राहिल्यावर माणूस गावचा होतो?

तोडगा असा : यादी एकच, रकाना वेगळा. 'मूळस्थान'. प्रस्तावाचा भर सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त इथेच सापडणाऱ्या जातींवर – कंदीलपुष्पं, शिंदळ माकुडी – आणि कर्करोगावरच्या औषधासाठी जंगलातून ओरबाडल्या गेलेल्या नरक्यावर. बाकीची झाडं संग्रहाचा इतिहास म्हणून. सर पूर्ण समाधानी नाहीत, मीही नाही.

२० ऑक्टोबर

जमीन. गेले पाच आठवडे फक्त जमीन.

सातबाऱ्यावर ४ हेक्टर ८० आर. कुंपणाच्या आत मोजली तर ४ हेक्टर ३१. मधले ४९ आर गेले कुठे? एका कार्यालयात सांगितलं, मोजणीचा अर्ज करा. अर्ज केला. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, अर्ज विद्यापीठाने करायचा, विभागाने नाही. कुलसचिवांच्या सहीने पुन्हा केला. मग आवक क्रमांक सापडेना. चौथ्या फेरीला त्याच अर्जाची पोच माझ्याच पर्समध्ये मिळाली, तेव्हा मी काही बोलले नाही.

मोजणीदार आले, दोन दिवस चांगलं काम केलं. ४९ आरांपैकी बहुतेक पूर्वेच्या रस्त्यात गेलेत, रस्ता रुंद झाला तेव्हा. कोणी विचारलं नव्हतं, कोणी लिहिलं नव्हतं. नकाशा झाला, चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मिळाले.

२८ नोव्हेंबर

नगरपरिषदेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीपुढे. कायद्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय हवाच. मी सोळा स्लाइड नेल्या होत्या, प्रोजेक्टर चालला नाही. बरं झालं.

सकाळी फिरायला येणाऱ्यांचा गट तयारीनिशी आला होता. "वारसा स्थळ झालं की गेट बंद, तिकीट, फोटोला बंदी." मागे तीन बायका उभ्या होत्या, त्यांना मी ओळखते. पावसाळ्यात बागेच्या मागच्या उतारावर टाकळा, कुरडू, भारंगी खुडायला येतात. त्यांतल्या एकीने विचारलं, "भाजी खुडली तर धरून नेतील का?"

वारसा स्थळ म्हणजे अभयारण्य नव्हे. लोकांच्या चालत आलेल्या वापरावर या घोषणेने निर्बंध येत नाहीत, लोकांनी आपणहून ठरवले तर गोष्ट वेगळी. हे मी सांगितलं, दोनदा सांगितलं. मग समितीतल्या एका सदस्याने फार चांगलं केलं. लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राणी आणि लोकांच्या माहितीची वही, मागवली आणि बायकांनाच विचारलं, कोणत्या भाज्या, कोणत्या महिन्यात. वीस मिनिटांत एकोणीस नावं. त्यांतली दोन आमच्या यादीत नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या विभागाच्या यादीत!

फिरणाऱ्यांच्या गटाने शेवटी एकच अट घातली, सकाळी सहाला गेट उघडायचं. हे माझ्या हातात आहे.

१४ डिसेंबर

कुलसचिवांकडे अंतिम मसुदा. सगळं वाचलं, चहा मागवला आणि नकाशावर बोट ठेवलं : उत्तरेची पट्टी. "इथे काय आहे?"

आमच्याच यादीप्रमाणे तिथे काही नाही. घाणेरीची झुडपं, एक जुना हौद, आणि दोन झाडं. अनुक्रमांक ४११, सुबाभूळ. अनुक्रमांक ४१२, 'ओळख पटली नाही, मृत'. एम.एस्सी.च्या एका मुलीने गेल्या आठवड्यात नोंद केली तेव्हा ४१२ वर एक पान नव्हतं, वाळल्या शेंगाही नव्हत्या. मामा तेव्हा पंढरपूरला गेले होते. मीही लांबूनच पाहिलं आणि सही केली.

"मग पट्टी वगळा," कुलसचिव म्हणाले. "वाहनतळ तिथे होईल, बाकी सगळं तुमचं. मी आजच सही करतो." प्रामाणिक माणूस आहे, गाड्या खरोखर रस्त्यावर उभ्या राहतात. मी हिशेब केला. २२ आर देऊन ४ हेक्टर ९ आर राजपत्रात. हो म्हटलं.

१९ जानेवारी २०२४

नगरपरिषदेचा ठराव मंजूर.

३१ जानेवारी

काल प्रस्ताव नागपूरला रवाना. एकशे चौदा पानं, नकाशा, ठराव, ५८७ झाडांची यादी. आज मामा निवृत्त. शाल, श्रीफळ, भाषणं. मामांना बोला म्हणाले तर उभे राहिले आणि विहिरीची मोटर कोणत्या बाजूने दाबायची ते नव्या माळ्याला सगळ्यांसमोर समजावून सांगितलं.

नोंदवहीत आता 'मामांनुसार' हा रकाना छापील आहे. ५८७ पैकी ३४० ओळी त्यात भरल्यात.

२७ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता मामांचा फोन. "मॅडम, तुमचं मेलेलं झाड बघायला या."

ते आता फिरणाऱ्यांच्या गटात आहेत, सहाच्या गेटचा फायदा घेतात. उत्तरेच्या भिंतीपाशी उभे होते. ४१२ वर अजूनही एक पान नाही, पण शेंड्यापासून बुडापर्यंत प्रत्येक फांदी शेंदरी फुलांनी लदलेली. लहान लहान नळकांडी, मखमली, घोस न् घोस. सूर्यपक्षी इतके की फांद्या हलत होत्या, खाली मुंग्या, मधमाश्या.

कौशी. सगळी पानं गाळून, मेल्यासारखी उभी राहते आणि मग फुलते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "हो. बाईंनी आंबोलीहून बी आणलेलं. मला कुणी इचारलंच न्हाई, मी पंढरपुरात." थोडं थांबून, "फुलल्याबिगर तुम्ही तरी कुठं मानलं असतं?"

नोंद केलेली मुलगी आली, रडवेली झाली. तिला सांगितलं, सही माझी आहे. एक फांदी हर्बेरियमसाठी घेतली, शेंदरी घोसासकट, लेबलवर लिहिलं : संकलक दोघे, आणि मामांचं पूर्ण नाव, हजेरीपटावरचं.

अकराला कुलसचिवांकडे. त्यांना तिथवर चालत नेलं. त्यांनी खाली पडलेलं एक फूल उचललं, फाटकाकडे पाहिलं, जिथे आजही सतरा दुचाक्या रस्त्यावर होत्या. काही बोलले नाहीत. नकाशा ठेवून जा म्हणाले.

दुपारी मंडळाला शुद्धिपत्राचा मसुदा केला. जावक क्रमांक अजून पडायचा आहे.

'परिशिष्ट ३, अनुक्रमांक ४१२ : "ओळख पटली नाही, मृत" ऐवजी "कौशी, जिवंत, फुलोऱ्यात" असे वाचावे. परिशिष्ट १, उत्तर सीमा : सुधारित नकाशा स्वतंत्रपणे पाठवण्यात येत आहे.'

दुसऱ्या वाक्यावर अजून कुलसचिवांची सही नाही. पहिलं उद्याच्या टपालाने जाईल.